हिरडीतून वर येणारी दाताची कपची

मोठ्या माणसाच्या तोंडात जिथं दात नाही, किंवा कधीकाळी काढून टाकलाय, तिथं हिरडीतून कडक, टोकदार काहीतरी वर येतं, जिभेला टोचत राहतं आणि घरात बातमी होते की दात उगवला. खानदेशात, म्हणजे जळगाव-धुळे-नंदुरबार या पट्ट्यात, अहिराणी बोलणाऱ्या घरांत 'म्हतारपनमा दात उना' म्हणून थट्टाही होते. आधीच सांगून टाकतो, बहुतेक वेळा तो नवा दात नसतो आणि बऱ्याचदा तर दातच नसतो, जबड्याच्या हाडाची कपची असते. माणसाला दातांचे दोनच संच, दुधाचे २० आणि कायमचे ३२, तिसरा संच नाही.

चोपड्याकडच्या एका आजींनी पदराच्या गाठीतून काढून दाखवलेला तुकडा असा होता: तांदळाच्या दाण्याएवढा, पिवळसर, एक टोक निमुळतं आणि जरा वाकडं, दुसरं टोक मोडलेलं, आणि मोडलेल्या तोंडावर सुईच्या टोकाएवढा काळा ठिपका. दाढ काढून त्यांना पंधरा-सोळा वर्षं झालेली, शेवभाजीत भाकरी कुस्करून खाताना दाताखाली (म्हणजे हिरडीखाली) कचकन लागलं, त्यांना वाटलं पिठात खडा आलाय, थुंकायला गेल्या तर खडा जागचा सुटेना. तो काळा ठिपका म्हणजे मुळीतून नस जाते ती नळी. असा ठिपका दिसला, अंग गुळगुळीत आणि पिवळसर असलं तर ती दाताची मुळी. हाडाची कपची पांढरट, ओबडधोबड, बारीक भोकांची आणि कडेला धारदार असते, मासळीच्या काट्यासारखी टोचते. नुसत्या डोळ्यांनी फसगत होऊ शकते म्हणून खात्री एक्स-रेवरच.

वेळेवरूनही अंदाज येतो. दाढ काढल्यावर काही दिवसांत किंवा काही आठवड्यांत टोचायला लागलं तर सहसा हाड. खालच्या दाढांच्या आतल्या, जिभेकडच्या बाजूला जबड्याचं हाड पातळ असतं, दाढ ओढताना त्याची कड मोडते, रक्तपुरवठा तुटला की तो तुकडा मरतो आणि शरीर त्याला हळूहळू बाहेर ढकलतं, बोटात रुतलेलं कुसळ पिकून वर यावं तसं. महिने किंवा वर्षं उलटून गेल्यावर आलं तर मुळीचा संशय जास्त. दात किडून पोखरलेला असला किंवा त्याचं रूट कॅनल झालेलं असलं की तो ठिसूळ होतो, पकडीत डोकं मोडून हातात येतं आणि मूळ आतच राहतं. पूर्वी आठवडे बाजारात पाल टाकून दात काढणारे बसायचे, दात काढणाऱ्यांना नोंदणी लागेल असं सांगणारा डेंटिस्ट अॅक्ट १९४८ चा झाला तरी ते काही लगेच उठले नाहीत, आणि त्यांच्याकडून 'दात काढून आणलेल्या' माणसांची मुळं किती ठिकाणी आत राहिली असतील याची कल्पनाच केलेली बरी.

पण आत राहिलेलं प्रत्येक मूळ म्हणजे निष्काळजीपणा असं समजू नये. टोक ४-५ मिलिमीटरपेक्षा लहान, खोलवर आणि बिनजंतूचं असेल, काढायला गेलं तर नसेला किंवा सायनसला (वरच्या दाढांच्या वर गालाच्या हाडातली पोकळी) इजा होईल असं वाटलं, तर ते मुद्दाम ठेवतात, फक्त पेशंटला सांगायचं आणि कागदावर लिहायचं असतं. खालच्या अक्कलदाढेची मुळं जबड्यातल्या नसेला चिकटून असली तर वरचा भाग कापून मुळं जागेवर ठेवायची पद्धत आहे, ती १९८४ मध्ये एक्युये आणि देबियाँ यांनी मांडली. ही ठेवलेली मुळं पहिल्या वर्षभरात काही मिलिमीटर वर सरकतात, त्यातली थोडी हिरडीतून डोकावतातही, मग ती काढणं सोपं जातं कारण नस तोवर लांब गेलेली असते.

कवळी वापरणाऱ्यांचं गणित जरा वेगळं. दात गेले की जबड्याचं हाड झिजत जातं आणि वरून कवळी दाबत असते, त्यामुळे आत गाडलेलं मूळ किंवा कधीच न उगवलेला दात आपोआप उघडा पडतो. दात वर येत नाही, जमीन खाली जाते, विहिरीचं पाणी आटल्यावर तळाचा दगड दिसावा तसं. म्हातारपणी दात आल्याच्या गोष्टींमागं बहुधा हेच असतं.

याशिवाय १७ ते २५ या वयाच्या नंतर उशिरा आलेली अक्कलदाढ, दुधाच्या दाढेच्या मुळीचा राहिलेला तुकडा (हा जास्त करून खालच्या दुसऱ्या उपदाढेजवळ, म्हणजे सुळा आणि दाढ यांच्यामधल्या दातांपैकी मागच्याजवळ, सापडतो), जास्तीचा दात, किंवा मोटारसायकलवरून पडल्यावर ओठात घुसून राहिलेली पुढच्या दाताची कपची, हे सगळं याच नावाखाली खपतं. जास्तीचे दात साधारण १ ते ३ टक्के लोकांत असतात आणि बहुतेकदा वरच्या दोन पुढच्या दातांच्या मध्ये. २०१४ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १७ वर्षांच्या एका मुलाच्या जबड्यातून २३२ दातसदृश तुकडे काढले होते, मुलगा आपल्या शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यातला. ती मात्र दाताच्या पेशींची गाठ होती, तिला ओडोंटोमा म्हणतात.

जुन्या ग्रंथांत ही गोष्ट कुठं बसते यावर एकमत नाही. सुश्रुतसंहितेत (काळ वादाचा, इ.स.पू. सहाव्या शतकापासून इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांपर्यंत मतं जातात, थर चढत गेले असं धरणं सोयीचं) 'वर्धन' नावाचा विकार आहे: वातामुळे जास्तीचा दात तीव्र वेदनेनं येतो आणि आला की दुखणं थांबतं. सुश्रुत त्याला दातांच्या मुळांच्या विकारांत घालतो, अष्टांगहृदय लिहिणारा वाग्भट त्यालाच अधिदंत म्हणून दातांच्या विकारांत. काहींच्या मते हा जास्तीचा दात, काहींच्या मते अक्कलदाढ. वर आल्यावर दुखणं थांबतं ही खूण अक्कलदाढेला जास्त जुळते, पण सुश्रुताचा उपाय, म्हणजे दात उपटून जागा डागायची, जास्तीच्या दाताकडे झुकतो. आपल्या कपचीला यातलं काहीच नीट लागू पडत नाही असं वाटतं. त्यापेक्षा दंतनाडीचं, म्हणजे हिरडीला पडणाऱ्या वाहत्या भोकाचं, प्रकरण जवळचं आहे. तिथं सुश्रुत सांगतो की दुर्लक्ष केलं तर नाडी जबड्याचं हाड फोडते, म्हणून दात मुळासकट काढावा आणि मोडलेलं हाडही. मूळ आणि हाड ही दोन वेगळी नावं तिथं घेतलीत, आपण मात्र आजही दोन्हीला दातच म्हणतो.

उपचारात फार काही नाही. हाडाची लहान कपची स्वतःच गळते किंवा डॉक्टर जागा बधिर करून चिमट्यानं काढतात, मुळी एक्स-रे बघून. घरी सुईनं कोरू नये. हाड ८ आठवड्यांहून जास्त उघडंच राहिलं आणि माणूस हाडं ठिसूळ होण्यावरची किंवा कॅन्सरची औषधं घेतोय, किंवा तोंडाला शेक म्हणजे रेडिएशन दिलेलं आहे (गुटखा-तंबाखूमुळे इकडं असे पेशंट कमी नाहीत), तर ते साधं प्रकरण नव्हे, जबड्याचं हाड मरत असू शकतं. २०२१ मध्ये कोविडनंतरच्या काळ्या बुरशीतही वरच्या जबड्याचे दात हलून हाड उघडं पडलेले पेशंट आले होते.

रीतीभातींत या तुकड्याला जागा नाही. बाळाला वरचा दात आधी आला तर मामाला जड म्हणतात, दुधाचा दात पडला की कौलावर फेकतात, पण पिकल्या केसांच्या माणसाच्या तोंडातून निघालेली कपची कुणी फेकत नाही की पुरत नाही, ती कागदाच्या पुडीत बांधून डॉक्टरला दाखवायला नेतात.