सान्तो तोमास नजरबंदी छावणी

दुसऱ्या महायुद्धात जपानने फिलिपाइन्सची राजधानी मनिलात पकडलेल्या शत्रुराष्ट्रांच्या नागरिकांसाठीची छावणी. जानेवारी 1942 ते फेब्रुवारी 1945 या काळात ती सान्तो तोमास विद्यापीठाच्या (स्थापना 1611) कुंपणबंद आवारात होती. कैद्यांत अमेरिकन सर्वाधिक, त्यांच्या खालोखाल ब्रिटिश. बरेचसे व्यापारी, खाण अभियंते, मिशनरी आणि त्यांची बायकामुले. सुटकेच्या वेळी आत 3,700हून अधिक माणसे होती.

राहण्याची सोय वर्गखोल्यांत. एका खोलीत तीस ते पन्नास जण, दरडोई दीड-दोन चौरस मीटर जागा, म्हणजे खाट आणि तिच्या कडेने जेमतेम एक पाऊल. मुख्य इमारतीतल्या 1,200 पुरुषांना 13 शौचकूप आणि 12 शॉवर. पुरुष व बायका वेगळ्या खोल्यांत झोपत, त्यामुळे नवराबायकोला एकत्र बसायलाही ठिकाण नव्हते. ही अडचण कुटुंबांनी बांबू व निपा ताडाच्या झावळ्यांच्या झोपड्या उभारून सोडवली. पहाऱ्याला आतले दिसावे म्हणून बाजू उघड्या ठेवाव्या लागत आणि सुरुवातीला रात्री तिथे झोपायला बंदी होती. तरी दिवसा स्वतःची चूल पेटायची, आणि घर म्हणण्यापुरते तेवढे पुरे होते. पुढे अशा शेकडो झोपड्या झाल्या. नोव्हेंबर 1943च्या वादळात आवार पाण्याखाली गेले आणि त्यांतल्या बऱ्याच कोसळल्या.

रोजचा कारभार कैद्यांच्या समितीकडे होता: स्वयंपाक, सफाई, शाळा, दवाखाना, अगदी शिस्तीचे नियमही. जपानी अधिकारी दरडोई रोज 70 सेंटावो (पेसोचे शंभर भाग, त्यातले सत्तर) देत. तेवढ्यात भागत नसे. खरा आधार होता फाटकावरच्या पाकिटांच्या रांगेचा: बाहेरचे फिलिपिनो स्नेही, जुने नोकरचाकर अन्न, कपडे, निरोप पोचवीत. पैसा किंवा ओळखी असलेल्यांची ताटे त्यामुळे भरलेली असत, बाकीच्यांची भिस्त समाईक स्वयंपाकघरावर. छावणीतला हा भेद शेवटपर्यंत मिटला नाही.

1944च्या सुरुवातीला जपानी लष्कराने छावणीचा थेट ताबा घेऊन ही रांग बंद केली. उपासमारीचे मूळ इथे आहे. बागेत कितीही राबून ती तूट भरणे शक्य नव्हते. तलीनमसारखी पालेभाजी लावली गेली. डिसेंबर 1943मध्ये वाटलेल्या रेडक्रॉसच्या पेट्यांतले डबे काटकसरीने पुरवले जात. ताटात बहुधा लुगाव, म्हणजे तांदळाची पातळ पेज. सडीक तांदळात थायमिन नगण्य, म्हणून बेरीबेरी पसरला: आधी घोटे सुजतात, बोटाने दाबले की खळगा पडतो आणि तो लवकर भरत नाही, पुढे हृदय थकते. जानेवारी 1945मध्ये आहार दिवसाला 700 कॅलरींच्या आसपास आला होता. पुरुषांचे वजन तीन वर्षांत सरासरी 24 किलोने घटले. मृत्यूच्या दाखल्यावरचे ‘कुपोषण’ आणि ‘उपासमार’ हे शब्द खोडायला नकार दिल्याबद्दल डॉ. थिओडोर स्टीव्हन्सन यांना कोठडीत टाकले गेले. एकूण सुमारे 390 कैदी दगावले. त्यांत वयस्कांचे प्रमाण मोठे.

3 फेब्रुवारी 1945च्या रात्री अमेरिकेच्या पहिल्या कॅव्हलरी डिव्हिजनचे रणगाडे फाटक फोडून आत शिरले. शिक्षण इमारतीत जपानी पहारेकऱ्यांनी ओलीस धरलेल्यांची सुटका वाटाघाटींनंतर 5 तारखेला झाली. 7 तारखेपासून जपानी तोफांचा मारा आवारावर होऊ लागला आणि त्यात काही सुटलेले कैदी मारले गेले.