पत्रकारिता : शब्दाचा उगम आणि विदर्भातल्या खेड्यातील वापर

घडलेली गोष्ट शोधणे, पडताळणे आणि ठरल्या वेळी लोकांपुढे मांडणे, या कामाला पत्रकारिता म्हणतात. ‘जर्नलिझम’ हा शब्द इंग्रजीत एकोणिसाव्या शतकात फ्रेंचमधून आला. त्याच्या मुळाशी लॅटिन ‘दिएस’ म्हणजे दिवस. त्यावरून ‘दिउर्नालिस’, म्हणजे रोजचे. इ. स. पू. ५९ मध्ये ज्यूलियस सीझरने रोममध्ये जी पत्रके जाहीर लावायला सुरुवात केली, त्यांचे नावही ‘आक्ता दिउर्ना’, म्हणजे दिवसाच्या घडामोडी. मराठीत रोजनिशी आणि रोजकीर्द आहेत, पण या व्यवसायाला नाव देताना आपण दिवस घेतला नाही.

आपले शब्द वेगळ्या वाटांनी आले. ‘वृत्त’ म्हणजे घडलेले. ‘अखबार’ हे अरबी ‘खबर’चे अनेकवचन, पेशवाईत दरबारी बातमीपत्रांना हेच नाव होते. ‘बातमी’ला हेरगिरीचा वास आहे, कारण बातमीदार म्हणजे आधी खबऱ्या. वऱ्हाडातल्या गावात “बातमी कोनं देल्ली?” असे कोणी डोळे बारीक करून विचारले, की हा जुना अर्थ अजून जिवंत असल्याचे कळते.

सर्वांत मौजेचा शब्द ‘वार्ता’. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वार्ता म्हणजे शेती, पशुपालन आणि व्यापार. वृत्ती म्हणजे उपजीविका, आणि तिची विद्या ती वार्ता. निरोप किंवा बातमी हा या शब्दाचा दुसरा अर्थ. विदर्भातल्या तालुका वार्ताहराच्या कामात मात्र हे दोन अर्थ वेगळे काढता येत नाहीत. कापसाचा भाव, गुलाबी बोंडअळी, बैलबाजार, पीककर्ज हाच त्याचा रोजचा मजकूर. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ती वार्ता दोन्ही अर्थांनी होती.

मराठीतले पहिले वृत्तपत्र ‘दर्पण’, बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत काढलेले. विदर्भातल्या पुढच्या पत्रांपैकी नागपूरचे ‘महाराष्ट्र’ (१९१४) आणि बापूजी अणे यांनी यवतमाळहून काढलेले साप्ताहिक ‘लोकमत’ (१९१८) ही ठळक नावे. खेड्यात बातमी पोचवण्याचे काम मात्र बराच काळ कोतवालाची दवंडी आणि आठवडी बाजार यांनीच केले. बातमीचे माप तिथे दिवस नव्हे, बाजाराचा वार होता.

गावात पेपर वाटणारा आणि पेपरात लिहिणारा, दोघेही ‘पेपरवाले’. बरेचदा माणूसही एकच. पगार नसतो किंवा नावापुरते मानधन असते, आणि खरी मिळकत जाहिरातींच्या कमिशनवर. ज्या सरपंचाकडून १५ ऑगस्टची जाहिरात घ्यायची, त्याच्याच रस्त्याच्या कामाबद्दल लिहायचे! या अडचणीची चर्चा पत्रकारितेच्या पुस्तकांपेक्षा पानठेल्यावर जास्त होते.

पूर्वी हाताने लिहिलेल्या बातमीचा लिफाफा एसटीच्या कंडक्टरकडे देत. सोमवारची घटना बुधवारी छापून यायची आणि त्याचे कोणाला वावडे नव्हते. नंतर फॅक्स आला, मग मोबाइल. आता घटना गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तासाभरात फिरते. दुसऱ्या दिवशी त्याच ग्रुपवर पेपरच्या कात्रणाचा फोटो येतो. कागदी कात्रण मात्र घडी करून ठेवतात, तहसीलदाराला द्यायच्या निवेदनाला जोडायला.