हँडल वाकडं झालंय: शॉकअप पिळलाय का पाइप बेंड झालाय?

गाडी पडली, हँडल वाकडं झालं की कुणीतरी लगेच सांगतो, "शॉकअप (पुढचं चाक धरणारे दोन पाइप) बेंड झालाय बे, पाइप बदलावा लागंल." बऱ्याचदा पाइपला काही झालेलंच नसतं, तो नुसता टी मध्ये (हँडलखाली दोन्ही पाइप पकडणारा क्लॅम्प, एक वर एक खाली) सरकलेला असतो. लांबून दोन्ही सारखंच दिसतं, पण एकात पान्यावर भागतं आणि दुसऱ्यात तशीच पळवली तर जिवावर बेततं.

पिळणं म्हणजे असं, आपल्या सोलापुरात सात रस्ता चौकात रिक्षा आडवी आली, ब्रेक मारला, गाडी आडवी झाली आणि चाक डिव्हायडरला बाजूनं लागलं. पाइप सरळच असतात, फक्त एक दुसऱ्याच्या किंचित पुढं जातो, म्हणून गाडी सरळ पळते आणि हँडल डावीकडं बघतं. मडगार्डचे बोल्ट, अॅक्सलचा नट, खालच्या टी चे बोल्ट ढिले करायचे, चाक गुडघ्यांत धरून हँडल सरळ ओढायचं, मग बोल्ट अर्धवट आवळून पुढचा ब्रेक धरून शॉकअप चारपाच वेळा दाबायचा म्हणजे पाइप आपापल्या जागी बसतात, आणि शेवटी सगळं मॅन्युअलमधल्या टॉर्कवर (आवळायचा ठरलेला जोर) फिट. नवा पार्ट एकही लागत नाही.

बेंड वेगळा. कारखान्यांचा हंगाम सुरू, रात्री विजापूर रोडला उसाच्या ट्रॉलीला मागून धडक (ट्रॉलीला ना लाइट ना रिफ्लेक्टर, बोलून बोलून तोंड दुखलं). इथं मार समोरून अॅक्सलला बसतो आणि पाइप वर टी नं धरलेला, म्हणजे सगळी पहारच झाली की, त्यामुळं सगळ्यात जास्त जोर पाइप खालच्या टी तून बाहेर येतो तिथंच येतो. बेंड हुडकायचा तर तिथं, टी च्या बोटभर खाली. चाक इंजिनकडं सरकलेलं दिसतं, शॉकअप दाबला तर अडकत अडकत जातो, कधी सील फुटून ऑइल गळतं. आणि नुसतं बाजूनं बघून दोन्ही पाइप समांतर आहेत म्हणून खूश होऊ नका, समोरच्या धडकेत दोन्ही सारखेच मागं गेले तर समांतरच दिसणार! खात्री पाहिजे तर पाइप काढून जाड काचेवर लोळवायचा, खालून फट दिसती-जाती झाली की बेंड.

थोडासा बेंड प्रेसवर गार असतानाच काढतात, पण क्रोमला चीर किंवा पाइपला खड्डा पडला असेल तर तो पाइप भंगारात. गॅसनं तापवून सरळ करणाऱ्याकडं जाऊच नका, स्टीलची ताकद जाते आणि क्रोमही. मी तर साध्या गाडीला सरळ नवा पाइप टाका म्हणेन.

जाड शॉकअप वाकत नाही असंही नाही. रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० ला ४१ मिमीचा पाइप आहे, केटीएमच्या ३९० ड्यूकला ४३ मिमीचा अपसाइड डाउन म्हणजे उलटा शॉकअप, त्यात जाड नळी वर टी मध्येच असते, म्हणजे जोर येतो तिथं दम जास्त. पण मार कुठंतरी जाणारच, शॉकअप नाही वाकला तर टी नाहीतर चेसीची मान (हँडलचा दांडा ज्यात फिरतो ती नळी). म्हणून नवा पाइप टी तून सहज सरकतोय का बघा, चाक उचलून हँडल फिरवताना मध्येच अटकलं तर कोन सेट (त्या मानेतलं बेअरिंग) गेलाय. चेसीचा नुसता संशय आला तरी इन्शुरन्सचा सर्व्हेअर येऊन फोटो काढेपर्यंत गाडी खोलू देऊ नका.