दूध पिताना बाळाला घाम फुटतो, ती ‘अंगातली उष्णता’ नव्हे

‘कपाळावर घाम येतो म्हणजे बाळाच्या अंगात उष्णता आहे, वाळ्याचं पाणी द्या,’ हा सल्ला घरोघरी मिळतो. तो घातक ठरू शकतो. तान्ह्या बाळाला दूध ओढणं हाच मोठा व्यायाम. हृदय थकलेलं असेल, तर चार घोट घेऊन बाळ थांबतं, धापा टाकतं, कपाळ ओलं होतं, पाजायला अर्धा तास पुरत नाही, वजनही वाढत नाही.

हृदय असं थकवणाऱ्या पॉम्पे या दुर्मिळ जनुकीय आजारात ग्लायकोजेन (शरीरात साठवलेली साखर) फोडणारं एन्झाइम नसतं. हे ग्लायकोजेन स्नायूंत साठून हृदयाच्या भिंती जाड होतात. सोबत हातपाय लुळे, मान धरत नाही, जीभ मोठी दिसते. उपचाराविना बहुतेक बाळं पहिल्या वाढदिवसापर्यंत जगत नाहीत.

‘जनुकीय म्हणजे इलाज नाही’ हेही चूक. 2006पासून हे एन्झाइम शिरेतून देता येतं: नेहमीचा डोस किलोमागे 20 मिलिग्रॅम, दर दोन आठवड्यांनी. उशीर झाला की स्नायूंची हानी पुरती भरून येत नाही, म्हणून ईसीजी, इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि एन्झाइमची रक्ततपासणी लगेच करा. मुंबईचं केईएम रुग्णालय दुर्मिळ आजारांचं केंद्र आहे. दोन महिन्यांखालचं बाळ शांत झोपेतही मिनिटाला 60 किंवा जास्त श्वास घेत असेल, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या.