गोळी गिळली, पण थायरॉइडला किती किरण लागले?

थायरॉइड जास्त काम करू लागली की किरणोत्सारी आयोडीन देतात. "दहा मिलिक्युरीचा डोस दिला," असं डॉक्टर सांगतात, पण तो आकडा औषधाचा. दर सेकंदाला किती अणू फुटताहेत, एवढंच त्यातून कळतं. रुग्णाला काय लागलं ते ग्रेमध्ये मोजतात: एक किलो पेशीजालात एक ज्यूल ऊर्जा जिरली की १ ग्रे. ग्रंथीच्या आत मीटर बसवता येत नाही, म्हणून हा आकडा हिशेबानेच काढावा लागतो.

हिशेब तसा अवघड नाही. आयोडीन-१३१ (हेच ते किरणोत्सारी आयोडीन) चं अर्धायुष्य, म्हणजे त्याचे निम्मे अणू फुटायला लागणारा वेळ, ८ दिवस. शिवाय शरीर ते लघवीवाटे बाहेरही टाकत असतं. ग्रंथीतलं निम्मं आयोडीन असं निघून जायला २० दिवस लागतात असं धरलं, तर दोन्ही मिळून खरं अर्धायुष्य उरतं ५.७ दिवसांचं. ग्रंथीत १ मेगाबेकेरेल पोचलं, म्हणजे सेकंदाला १० लाख अणू फुटू लागले, तर सगळं संपेपर्यंत सुमारे ७० हजार कोटी अणू फुटतात. त्यांतून निघणारे बीटा कण (वेगवान इलेक्ट्रॉन) मिलिमीटर-दोन मिलिमीटरमध्येच अडतात, त्यामुळे त्यांची जवळजवळ सगळी ऊर्जा तिथेच जिरते. ग्रंथी २० ग्रॅमची असेल तर उत्तर येतं साधारण १ ग्रे.

आता ग्रंथी ४० ग्रॅमची धरा: डोस निम्मा. आयोडीन २० ऐवजी ४ दिवसांतच निम्मं होत असेल, तर आणखी निम्म्याहून खाली. गोळी तीच, डोस पावसुद्धा नाही! म्हणूनच ग्रंथीने किती आयोडीन ओढलं हे गळ्याशी यंत्र धरून मोजतात.

किरणोत्सारी औषध थोडंसं देऊन नुसता स्कॅन काढायचा असेल, तर एवढा खटाटोप कुणी करत नाही. तिथे 'प्रमाण माणसा'चे, म्हणजे एका ठरावीक नमुना देहावर काढलेल्या डोसचे, तक्ते चालतात. जुन्या तक्त्यांतला हा माणूस गणिती नळकांड्यांचा नि लंबगोलांचा होता. एकाच देहात वृषणंही आणि अंडाशयंही! २००९ मध्ये खऱ्या माणसांच्या सीटी स्कॅनवरून नवे देह आले, पुरुष ७३ किलोचा, स्त्री ६० किलोची. हाडांच्या स्कॅनचे ४ मिलिसिव्हर्ट (सिव्हर्ट हे किरणांमुळे शरीराला असणारा धोका मोजायचं एकक) म्हणतात ते याच मंडळींचे, तुमचे नव्हेत. निसर्गाकडून वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच, तेव्हा स्कॅनपुरता एवढा अंदाज पुरे.

उपचारात मात्र मला हे पटत नाही. काही कर्करोगांवर ल्युटेशियम-१७७ हे किरणोत्सारी औषध देताना ५० किलोच्या आणि ९० किलोच्या रुग्णाला सर्रास तेच ७.४ गिगाबेकेरेल (१ गिगाबेकेरेल म्हणजे हजार मेगाबेकेरेल), तेही चारदा. मूत्रपिंडांना किती सोसावं लागलं हे कळू शकतं, कारण ल्युटेशियममधून गॅमा किरणही निघतात आणि कॅमेऱ्याला ते दिसतात. युरोपीय संघाच्या २०१३ च्या निर्देशानुसार प्रत्येक रुग्णाचं नियोजन वेगळं हवं. अडतं ते वेळेवर: नीट हिशेबासाठी काही दिवसांत तीन-चारदा स्कॅन करावा लागतो, आणि आजारी माणसाला तेवढ्या खेपा झेपत नाहीत. म्हणून आता योग्य दिवशी घेतलेल्या एकाच स्कॅनवरून भागवण्याच्या पद्धती पुढे येत आहेत.