दिनचर्या

दिनचर्या : सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत रोज पाळावयाच्या आचरणाचा क्रम. आयुर्वेदात हा स्वस्थवृत्ताचा, म्हणजे निरोगी माणसाने आरोग्य टिकवण्यासाठी पाळावयाच्या नियमांचा, भाग आहे. धर्मशास्त्रातील आह्निकाशी (रोजच्या धार्मिक कर्मांच्या क्रमाशी) त्याचे बरेच साम्य असले, तरी आह्निकाचा रोख पुण्याकडे, तर दिनचर्येचा आरोग्य व सुख यांकडे आहे. रोजच्या किरकोळ घरगुती सवयींनी माणूस सुखी होतो का, या प्रश्नाचा सविस्तर विचार या विषयाच्या अनुषंगाने झालेला दिसतो.

प्राचीन आयुर्वेदाचार्य सुश्रुताने स्वस्थ माणसाचे लक्षण सांगताना दोष (वात, पित्त, कफ), अग्नी (पचनशक्ती), धातू (रस, रक्त इ. शरीरघटक) व मलक्रिया यांच्या समतोलाबरोबर आत्मा, इंद्रिये व मन यांची प्रसन्नताही आवश्यक मानली आहे (सूत्रस्थान, अध्याय १५). चरकसंहितेत दिनचर्येचे विधी 'मात्राशितीय' अध्यायात, तर वागणुकीचे नियम 'इंद्रियोपक्रमणीय' अध्यायात येतात. 'दिनचर्या' या नावाचा स्वतंत्र अध्याय मात्र आयुर्वेदाचार्य वाग्भटाच्या नावावरील दोन्ही ग्रंथांत आहे : अष्टांगसंग्रहात सूत्रस्थानाचा तिसरा व अष्टांगहृदयात दुसरा.

अष्टांगहृदयातील अध्यायाची सुरुवात ब्राह्ममुहूर्तावर उठण्याने होते. टीकाकार अरुणदत्त रात्रीच्या १५ मुहूर्तांपैकी १४ वा तो ब्राह्म, असा अर्थ लावतो. मुहूर्त ४८ मिनिटांचा धरल्यास ही वेळ सूर्योदयाच्या ९६ मिनिटे आधी सुरू होते. परंतु मुहूर्त हा रात्रिमानाचा पंधरावा भाग मानला, तर ऋतूनुसार तो लहानमोठा होतो. काहींनी रात्रीचा शेवटचा अर्धा प्रहर असा सैल अर्थ घेतला आहे. पंचांगांत सहसा ९६ मिनिटांचा हिशेब दिसतो. पुढे दात घासण्याची काडी येते. ती रुई, वड, खैर, करंज अशा झाडांची, बारा अंगुळे लांब, करंगळीच्या टोकाएवढी जाड व सरळ असावी आणि ती वापरताना हिरड्यांना इजा होऊ देऊ नये. अभ्यंग (अंगाला तेल चोळणे) रोज करावे; डोके, कान व तळपाय यांना तेल विशेष लावावे. महाराष्ट्रात हा रोजचा विधी आज बहुतेक घरांत दिवाळीपुरता उरला आहे. व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा. ऊन पाण्याने मानेखाली स्नान केल्यास बळ येते, पण तेच पाणी डोक्यावर घेतल्यास केस व डोळे दुबळे होतात.

एवढे सांगून झाल्यावर अध्याय वळण घेतो : 'सुखार्थाः सर्वभूतानां मताः सर्वाः प्रवृत्तयः । सुखं च न विना धर्मात् तस्माद्धर्मपरो भवेत् ॥' सर्व प्राण्यांची धडपड सुखासाठीच असते आणि सुख धर्मावाचून मिळत नाही. यानंतर हिंसा, चोरी, चहाडी, कठोर बोलणे, खोटे बोलणे, असंबद्ध बडबड इत्यादी दहा पापकर्मे टाळण्यास सांगितले आहे. म्हणजे दात घासणे आणि चहाडी न करणे या गोष्टी वाग्भटाने एकाच दिवसाच्या कार्यक्रमात बसवल्या आहेत.

हा भाग वाग्भटाच्या धर्माविषयीच्या वादात वारंवार पुढे येतो. ही दहा पापे बौद्धांच्या दहा अकुशल कर्मांशी जुळतात; सर्व बाबतींत मध्यममार्गाने जावे, हा उपदेशही त्याच अध्यायात आहे. शिवाय अष्टांगसंग्रहात ग्रंथकाराने गुरूचे नाव अवलोकित असे, बौद्ध वळणाचे, दिले आहे. त्यावरून काही अभ्यासक त्याला बौद्ध मानतात. उलट पक्ष याच अध्यायातील देव, गाय व ब्राह्मण यांच्या पूजनाच्या वचनाकडे बोट दाखवतो. दोन्ही ग्रंथ एकाच वाग्भटाचे की दोघांचे, हाही प्रश्न आहे. प्राच्यविद्यापंडित हर्न्ले यांनी दोन वाग्भट मानले. काहींनी 'मध्यवाग्भट' हा तिसराही गृहीत धरला. अष्टांगहृदयाच्या शेवटी ते संग्रहाच्या आधारे रचल्याचे म्हटले आहे आणि दोन्हींतील मजकुराचे साम्य मोठे आहे, त्यामुळे कर्ता एकच मानणे अधिक सयुक्तिक वाटते. काळ साधारणपणे इ. स. सहावे-सातवे शतक धरतात.

अध्यायाच्या अखेरीस, आपले दिवस व रात्री सध्या कशा जात आहेत याचे ज्याला नित्य भान असते, तो दुःखाचा धनी होत नाही, असे वचन आहे. सुखाच्या प्रश्नाला याहून नेमके उत्तर या वाङ्मयात क्वचितच मिळेल, कारण यात भर कृतीपेक्षा भानावर आहे.

महाराष्ट्रात या परंपरेचा धागा देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याच्यापर्यंत (तेरावे शतक) जातो. अष्टांगहृदयावरील 'आयुर्वेदरसायन' ही टीका त्याच्या नावावर आहे. गणेश कृष्ण गर्दे यांच्या 'सार्थ वाग्भट'मुळे ग्रंथ मराठी घरांत पोहोचला. दासबोधात (दशक ११, समास ३) रामदासांनी 'प्रातःकाळीं उठावें । कांहीं पाठांतर करावें' असा दिनक्रम लावला आहे. त्यातही संसारधंदा करताना 'सुशब्दें राजी राखावा सकळ लोक' ही अट आहे. सडा-रांगोळी, तुळशीला पाणी, दिवेलागणीची 'शुभंकरोति' या बायकांच्या व मुलांच्या रोजच्या रीतींना वैद्यकग्रंथांत मात्र स्थान नाही.

आधुनिक मानसशास्त्रातील पुरावा मर्यादित आहे. अमेरिकेत ५१ विद्यार्थ्यांवर झालेल्या एका प्रयोगात (२०१५) लक्षपूर्वक भांडी घासणाऱ्यांची अस्वस्थता कमी झाली व उत्साह वाढला. नुसती भांडी घासणाऱ्यांत हा फरक दिसला नाही. हा निष्कर्ष वाग्भटाच्या वचनाच्या जवळ जातो, पण नमुना लहान आहे. सॅक्सबी व रेपेटी यांच्या २०१० च्या अभ्यासात, घराचे वर्णन पसारा व अपुरी कामे अशा शब्दांत करणाऱ्या पत्नींच्या शरीरातील, ताणाशी निगडित अशा कॉर्टिसॉल संप्रेरकाचा दिवसभरातील उतार मंद आढळला. मात्र यातून पसारा हेच कारण, असे सिद्ध होत नाही. सवय जडण्याबाबत लंडनमधील लॅली व सहकाऱ्यांनी ९६ जणांची पाहणी केली. त्यात सवय जडण्यास लागलेल्या काळाचा मध्यक (मधली किंमत) ६६ दिवस, तर व्याप्ती १८ ते २५४ दिवस निघाली. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, असेही दिसले. वाईट सवय चौथाई-चौथाईने, मध्ये एक, दोन, तीन दिवसांचे अंतर ठेवून सोडावी, हा अष्टांगहृदयातील नियम (सूत्रस्थान, अध्याय ७) याच्याशी ताडून पाहण्यासारखा आहे.

या सर्व विवेचनातील मोठी उणीव श्रमाबाबतची आहे. अभ्यंगाचे तेल कोणी कोमट केले, स्नानाचे पाणी कोणी तापवले, हे दिनचर्येचा अध्याय सांगत नाही. त्याचा श्रोता घरातला पुरुष आहे. भारताच्या २०१९ च्या कालवापर सर्वेक्षणानुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात, तर ते करणारे पुरुष ९७ मिनिटे. नकोशा कामातून पैसे मोजून वेळ सोडवून घेणारे लोक अधिक समाधानी असतात, असे व्हिलन्स व सहकाऱ्यांना २०१७ मध्ये अमेरिका, कॅनडा, डेन्मार्क व नेदरलँड्समधील पाहणीत आढळले. तेव्हा तेच काम एकाला निवडलेली सवय म्हणून सुखाचे आणि दुसरीला न टळणारे कर्तव्य म्हणून थकवणारे ठरू शकते. दिनचर्येवरील लेखनात हा भेद क्वचितच केला जातो.