तान्ह्या बाळाचं हृदय प्रत्यारोपण: रक्तगट जुळत नसेल तर नोंदणी कशी, कागद कोणते

बाळाचा गट ओ असेल तर हृदयही ओ गटाचंच हवं. मोठ्या माणसांसाठी हा नियम ठाम आहे, तान्ह्या बाळासाठी तितका नाही. परक्या रक्तगटाला विरोध करणाऱ्या अँटीबॉडी बाळाचं शरीर जन्मतःच तयार करत नाही. काही महिन्यांनी त्या दिसू लागतात आणि पुढे वाढतच जातात. टोरांटोत डॉ. लोरी वेस्ट आणि सहकाऱ्यांनी १९९६ पासून याच मधल्या काळात वेगळ्या गटाची हृदयं बाळांना बसवली. शस्त्रक्रियेत हार्ट-लंग मशीनवर (हृदय-फुफ्फुसांचं काम तात्पुरतं करणारं यंत्र) असताना बाळाचा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, बदलून उरल्यासुरल्या अँटीबॉडी काढतात.

पात्रता ठरते ती वयावर आणि अँटीबॉडीच्या प्रमाणावर, म्हणजे टायटरवर. साधारण दोन वर्षांच्या आतलं मूल आणि कमी टायटर, असा ढोबळ हिशोब. प्रत्यारोपण करणारं प्रत्येक रुग्णालय हे करतंच असं नाही, म्हणून पहिल्याच भेटीत विचारा: "वेगळ्या गटाचं हृदय तुम्ही स्वीकारता का?"

अर्ज तुम्ही थेट करायचा नसतो. प्रत्यारोपणाची मान्यता असलेलं रुग्णालयच बाळाचं नाव प्रतीक्षायादीत घालतं आणि बाळाला नोटो (राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संस्था) क्रमांक मिळतो. २०२३ पासून केंद्र सरकारच्या धोरणानुसार नोंदणीसाठी अधिवास दाखला लागत नाही, शुल्कही नाही. कुणी मागितलं तर हे सांगा.

आता कागद. आपल्याकडे खोळंबा इथेच होतो. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे जन्मनोंद माहेरच्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत, आणि बारसं व्हायच्या आधीच दाखला काढलेला, म्हणून त्यावर बाळाचं नावच नसतं. ते आधी घालून घ्या. आईच्या आधारवर माहेरचं नाव आणि रेशनकार्डावर सासरचं असेल तर तेही जुळवा. इको (हृदयाची सोनोग्राफी), रक्तगट आणि टायटरचे रिपोर्ट, लसीकरणाचं कार्ड एकाच फाइलमध्ये ठेवा. गोवर-रुबेलासारख्या जिवंत लशी प्रत्यारोपणानंतर सहसा देत नाहीत, म्हणून डॉक्टर ते कार्ड बारकाईने बघतात.

आणखी एक कागद लोक फेकून देतात: बाळाला पूर्वी रक्त किंवा प्लाझ्मा दिल्याची चिठ्ठी. प्लाझ्मातून दुसऱ्याच्या अँटीबॉडी बाळात येतात आणि टायटर फसवं दिसतं. त्यामुळे कोकणातच, ओरोसला किंवा रत्नागिरीला, रक्त चढवायची वेळ आली, तर आधी प्रत्यारोपणाच्या टीमला फोन करायला लावा. अशा बाळांना बहुधा ओ गटाच्या लाल पेशी आणि एबी गटाचा प्लाझ्मा देतात.

पैशांसाठी मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज वेगळा करायचा. त्याला तहसीलदारांचा १ लाख ६० हजारांच्या आतला उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, खर्चाचं अंदाजपत्रक आणि लहान बाळ असेल तर आईचं आधार लागतं. रुग्णालय खासगी असेल तर अंदाजपत्रकावर जिल्हा शल्यचिकित्सकांचं प्रमाणन घ्या. तहसीलची फेरी आधी मारा, तो दाखला सगळ्यात रेंगाळतो.

हृदय शरीराबाहेर जेमतेम चार तास टिकतं आणि कणकवलीहून मुंबई गाठायलाच त्याहून जास्त वेळ जातो. त्यामुळे नाव लागलं की डोंबिवली-नालासोपाऱ्यातल्या काका-मामांकडे मुक्काम हलवा. गणपतीला घर उघडायला एकट्या बाबांनी जावं, तेही फोनला रेंज असेल तिथेच. बाळ आणि आई मुंबईतच थांबतील.